डोळ्यांसमोर तर होता!

वस्तू हरवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वाशीममध्ये नसेल. सकाळी चष्मा हरवतो, दुपारी तो शोधताना किल्ल्या हरवतात आणि संध्याकाळी आमची ही दोन्ही वस्तू मी तीनदा धुंडाळलेल्या फडताळातूनच काढून देते. "अहो, डोळ्यांसमोर तर होता!" हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलो आहे.

अशा माणसाला दिवाळीच्या सुट्टीत नातीने टॅबवर लपलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ लावून दिला. अडगळीने भरलेली खोली आणि खाली वस्तूंची यादी. आमचं माजघर असंच आहे, फक्त यादी नाही. खेळ मात्र आवडला बुवा! कात्री पडद्याच्या चुणीत, कंदील खुर्चीमागे. सापडलं की कपाळावर हात मारावा. चांगल्या कोड्याची माझ्या लेखी हीच कसोटी: उत्तर कळल्यावर राग स्वतःचा यावा, कोडं घालणाऱ्याचा नव्हे.

मग नातीने खबर आणली. "आजोबा, नवा खेळ फुकट मिळतोय! जाहिरातीच्या चित्रात कोडं लपवलंय, तेवढं शोधायचं." तीन दिवस आम्ही दोघं त्या चित्राला चिकटून बसलो. चौथ्या दिवशी उत्तर जाहीर झालं. तपकिरी झाडावर तपकिरी किल्ली, तीही तिळाएवढी! याला लपवणं नाही, पुसून टाकणं म्हणतात. शिवाय खेळ पहिल्या दहा जणांनाच मिळणार, ही अट त्या किल्लीपेक्षाही बारीक अक्षरात. खेळ गेला त्याचं काही नाही. पण पोरीचा चेहरा उतरला. "मला नीट बघताच येत नाही," म्हणाली. माझी तक्रार आहे ती इथे.

बक्षिसाच्या कोड्याचा गाजलेला नमुना म्हणजे किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराचं १९७९ सालचं 'मॅस्करेड' हे पुस्तक. पंधरा चित्रं आणि त्यांत पुरलेल्या सोन्याच्या सशाचा पत्ता. चित्रातल्या माणसा-प्राण्यांच्या डोळ्यांतून बोटांवरून रेघ ओढत न्यायची, की ती कडेच्या नेमक्या अक्षरावर पोचते. कोडं म्हणून शंभरपैकी शंभर! पण सोन्याचं नाव निघताच लोकांनी चित्रं मिटली, कुदळी उचलल्या आणि भलत्याच जागा खणल्या. १९८२ साली ससा मिळाला तो कोडं न सोडवणाऱ्याला. त्याला आतली बातमी होती, हे १९८८ साली उघडकीस आलं. खरं उत्तर काढलं भौतिकशास्त्राच्या दोन मास्तरांनी, पण तोवर ससा गेला होता. मास्तरांचं नशीब इथून तिथून सारखंच!

लांब कशाला, आमच्या गावचंच घ्या. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथे वाकाटकांची एक अख्खी शाखा राज्य करून गेली, पण इतिहासकारांना तिचा पत्ता नव्हता. १९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडला तेव्हा ती उजेडात आली. तो वाचायला कुणी फुकट खेळाचं आमिष दाखवलं नव्हतं.

हे सगळं मी नातीला ऐकवलं. तिने वही ओढली, आमचं माजघर काढलं आणि त्यात माझा चष्मा लपवला. बक्षीस काही नाही.

दोन दिवस मी शोधतोय. ही येता-जाता वहीकडे बघते आणि पदर तोंडाला लावून हसते. नात मात्र अधूनमधून जवळ येऊन हळूच विचारते, "आजोबा, फार अवघड नाही ना झालं?"