नारळीकर, जयंत विष्णु

नारळीकर, जयंत विष्णु : (१९ जुलै १९३८–२० मे २०२५). भारतीय खगोलभौतिकीविज्ञ व मराठी विज्ञानकथाकार. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या कथालेखनाचा परामर्श घेतला आहे. जन्म कोल्हापूर येथे. वडील विष्णु वासुदेव हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार होत्या. बालपण व बी. एस्सी.पर्यंतचे शिक्षण (१९५७) बनारस येथे झाले. शाळेचे माध्यम हिंदी, घरची भाषा मराठी. त्यांच्या गद्यात ग्रांथिक अलंकरण जवळजवळ नाही आणि वाक्ये घरगुती बोलण्यासारखी सरळ व आटोपशीर आहेत, ह्याचे मूळ काही अंशी ह्या परिस्थितीत असावे. घरात फळा असे. मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यावर एखादे गणिती कोडे भाच्याला आव्हान म्हणून लिहून ठेवीत व उत्तर निघेपर्यंत ते तसेच राही. नारळीकरांची कथाही बहुधा अशीच मांडलेली असते : आरंभी कोडे, मधे चुकीच्या वाटा आणि अखेरीस उत्तर.

१९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. त्याच वर्षी फ्रेड हॉइल ह्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे हॉइल ह्यांच्याच मार्गदर्शनाखाली नारळीकरांनी पीएच्. डी. मिळविली (१९६३) आणि दोघांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत (१९६४) गाजला. हॉइल ह्यांच्या कादंबरीत सूर्याला झाकून टाकणाऱ्या मेघापेक्षा, त्या संकटाला सामोरे जाताना शास्त्रज्ञ आणि राज्यकर्ते ह्यांच्यात उडणारे खटके अधिक वेधक आहेत. प्रयोगशाळेतील सत्य सत्ताधाऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, हा विषय नारळीकरांनी गुरूकडून घेतला आणि भारतीय वातावरणात रुजविला.

१९७२ मध्ये भारतात परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अहमदाबाद येथील एका परिसंवादात, कंटाळवाणे व्याख्यान चालू असता, त्यांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा लिहावयास घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी (१९७४) ती पाठविताना आपल्या लौकिकाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले. अक्षरावरून ओळख पटू नये, म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला ह्यांच्याकडून लिहवून घेतली. पहिले पारितोषिक जगतापांना मिळाले. निरीक्षकाच्या पूर्वग्रहाने निष्कर्ष दूषित होऊ नये, ही वैज्ञानिकाची सवय येथे साहित्यव्यवहारात आलेली दिसते. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत ह्यांनी ह्या कथेची दखल घेतली, तर मुकुंदराव किर्लोस्करांच्या आग्रहामुळे नारळीकर नियमितपणे लिहू लागले. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा पहिला संग्रह १९७९ मध्ये निघाला.

मराठीत विज्ञानकथा त्यापूर्वीही होती. श्री. बा. रानडे ह्यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा १९११ इतकी जुनी असून भा. रा. भागवत, द. पा. खांबेटे, नारायण धारप ह्यांनी रूपांतरांतून व स्वतंत्र लेखनातून वाचक घडविला होता. तथापि अद्भुत, भयकथा व विज्ञान ह्यांच्या सीमा त्या लेखनात पुष्कळदा पुसट होत. नारळीकरांनी त्या आखून घेतल्या. ज्ञात विज्ञानाचा एखादा धागा घ्यावयाचा, तो एकाच गृहीतकाने पुढे न्यावयाचा आणि मग त्या गृहीतकाशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहावयाचे, ही त्यांची रीत. एकदा मान्य केलेला नियम कथेच्या सोयीसाठी ते मोडीत नाहीत. भोवतालचे जग मात्र ओळखीचे, मुंबई-पुण्याचे ठेवतात. त्यांचे हिमयुग अवतरते, तेही मुंबईत पडलेल्या बर्फातून.

ह्या पद्धतीचा उत्तम आविष्कार ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेत आढळतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हळहळत विचारला आहे. कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, की जेथे ती गोळी हुकलेली आहे, मराठी सत्ता टिकून आहे आणि मुंबईवर अद्याप ईस्ट इंडिया कंपनीचा ध्वज फडकतो आहे. येथे लेखकाला स्वप्नरंजनाचा मोह सहज पडला असता; पण गायतोंडे त्या वैभवात रमण्याऐवजी तडक ग्रंथालयात जाऊन इतिहास नेमका कोठे वळला ते शोधू लागतात. परतताना त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान येते. क्वांटम सिद्धांताने सुचविलेल्या अनेक शक्यतांच्या विश्वाचा तो कथेतला पुरावा. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या ह्या वक्त्याला त्या जगातील अध्यक्षाविना चालणाऱ्या सभेत श्रोते बोलूच देत नाहीत, हा प्रसंग तर निखळ विनोदाचा आहे; नारळीकरांच्या मिस्किलपणाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ह्या कथेतही मोबियस पट्टीवरून सुचलेली डाव्याउजव्याची अदलाबदल क्रिकेट व गणेशमूर्ती ह्यांच्याशी अशीच खेळकरपणे जोडली आहे.

‘धूमकेतू’ ही कथा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. पृथ्वीवर येऊ घातलेले संकट टळते, ते शास्त्रज्ञांच्या अण्वस्त्रयोजनेमुळे. पण धूमकेतू शोधणाऱ्या हौशी बंगाली निरीक्षकाच्या घरी त्याचे श्रेय मिळते यज्ञाला. अंधश्रद्धेविरुद्धचा हा झगडा नारळीकरांनी कथेबाहेरही चालविला. २००८ मध्ये त्यांनी इतरांच्या साहाय्याने शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा करून ज्योतिषांची चाचणी घेतली; सत्तावीस ज्योतिषांची अचूक उत्तरे सरासरीने सेहेचाळीस टक्के, म्हणजे नाणेफेकीहून सरस नव्हती. कथेचा शेवट बोचतो, तो ह्या निष्ठेमुळे. मात्र सर्व अज्ञान गृहिणीच्या पदरी आणि सर्व विवेक पतीच्या, ही वाटणी फारच सोपी आहे. सुशिक्षित पुरुषाच्या मनातील श्रद्धेचा पेच लेखकाने तपासला असता, तर कथेला अधिक धार आली असती.

हा त्यांच्या लेखनाचा दुबळा पक्ष होय. पात्रे गृहीतकाची वाहने असतात. ती बदलत नाहीत. संवादांना मधूनच व्याख्यानाचे रूप येते. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचविणे हा आपला हेतू नारळीकरांनी कधी लपविला नाही आणि त्याची किंमतही कथांनी मोजली आहे. गृहीतक जेव्हा केवळ तांत्रिक असते, तेव्हा कोडे सुटताच वाचकाचे औत्सुक्य संपते. पानिपत किंवा गणपती ह्यांसारखा सांस्कृतिक स्मृतीचा विषय हाती आला, की पात्रांची उणीव वाचक स्वतःच्या भावनेने भरून काढतो. म्हणून ह्याच कथा पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’ ह्या त्यांच्या कादंबऱ्या. त्यांपैकी ‘वामन परत न आला’ अधिक बांधेसूद आहे. उत्खननात सापडलेल्या पेटीतून लुप्त पण प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्यातून घडविलेला यंत्रमानव स्वतःच्या प्रतिकृती करू पाहतो. बळी व वामनाच्या पुराणकथेचा येथील उपयोग कल्पक असून, मानवाने ज्ञान स्वीकारण्याआधी त्याचे परिणाम तपासावेत काय, हा प्रश्न यंत्रबुद्धीच्या आजच्या काळात अधिकच निकडीचा झाला आहे.

पुण्याच्या आयुका ह्या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते (१९८८–२००३). ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. नासिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२१) ते अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने ते उपस्थित राहू शकले नाहीत. पुणे येथे त्यांचे निधन झाले.