‘स्मृतिचित्रे’ आणि आमची सांत्वने

संकटात श्रद्धेने तारले, अशा आशयाच्या साक्षी आमच्या ख्रिस्ती नियतकालिकांतून पुष्कळ छापल्या जातात. आम्हीही तशा लिहिल्या आहेत. मात्र त्यांतील बहुतेकींत संकट दोन परिच्छेदांत आटोपते आणि तिसऱ्यात प्रार्थनेला उत्तर मिळते. अहमदपूर परिसरात पावसाने पाठ फिरविली की कित्येक घरे ऊसतोडीला निघतात. तेथील भाविकांपुढे असे लेखन वाचून दाखविताना आमचा आवाज आपोआप खाली येतो. या अस्वस्थतेतच आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतले.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. पुढे पतीकडे परतल्यावरही सोवळे सुटले नाही. स्वयंपाक-पाणी वेगळेच राहिले. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर मगच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या मोठ्या परिवर्तनाला लेखिकेने कोठेही चमत्काराचा साज चढविलेला नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाविषयी त्या ज्या मिस्कीलपणे लिहितात, तोच मिस्कीलपणा स्वतःच्या सोवळ्यालाही लावतात.

या विनोदाला दुःखावरचे पांघरूण समजणे चूक ठरेल. आपल्याला कोणीतरी सांभाळते आहे ही खात्री असल्याखेरीज मनुष्य स्वतःला इतका हसू शकत नाही, असे आमचे मत आहे. टिळक हातचे पैसे वाटून मोकळे होत आणि घरात चणचण भासे. लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात, आणि सारे लिहून ठेवतात. पवित्र शास्त्राने ईयोबाची तक्रार गाळली नाही. यांनीही आपली गाळलेली नाही. सेमिनरीत आम्ही संत जॉन पॉल दुसरे यांचे १९८४ चे दुःखविषयक प्रेषितपत्र अभ्यासले. त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही, परंतु मयताच्या घरी घोंगडीवर बसल्यावर आम्हांस अधिक उपयोगी पडल्या त्या या प्रॉटेस्टंट बाईच.

पुस्तकाची उणीवही नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाई प्रार्थना कशी करीत, रात्री देवाशी काय बोलत, हे फारसे कळत नाही. ज्या विधवेने १९१९ नंतर पतीचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि त्यातील बहुतांश अध्याय स्वतः रचले, तिच्या अंतरंगाच्या दाराशीच वाचकाला थांबावे लागते. संकोच असेल. आम्हांला मात्र ती खोली पाहायची होती.

मागे एका नुकत्याच विधवा झालेल्या भगिनीला टिळकांच्या उधळ्या औदार्याचा भाग आम्ही वाचून दाखविला. ती हसली. “आमचे मालकबी असेच व्हते, फादर,” म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्याविषयी बराच वेळ बोलत राहिली.