चित्र कुणासाठी? : हारून फारोकी यांचे माहितीपट

तंत्रज्ञान आणि सत्ता यांच्या नात्यावर माहितीपट करणारे अनेक जण यंत्राला खलनायक ठरवून मोकळे होतात. जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी (१९४४–२०१४) यांनी ही सोपी वाट धरली नाही. भारतीय वडील आणि जर्मन आईच्या या मुलाने जवळपास अर्धशतक एकच प्रश्न लावून धरला : चित्र कुणासाठी घेतले जाते, आणि त्यात काय पाहायचे हे कोण ठरवते?

‘न विझणारी आग’ (१९६९) हा त्यांचा माहितीपट व्हिएतनाम युद्धातल्या नापामविषयी आहे. टेबलापाशी बसून फारोकी नापामने होरपळलेल्या एका व्हिएतनामी माणसाची साक्ष वाचतात आणि जळती सिगारेट स्वतःच्या हातावर विझवतात. सिगारेट ४०० अंशांना जळते, नापाम ३००० अंशांना, एवढेच निवेदन सांगते. भाजलेली शरीरे दाखवली तर प्रेक्षक डोळे मिटून घेईल, हे त्यांनी ओळखले होते. पुढे नटांच्या साहाय्याने उभी केलेली डाऊ केमिकल कंपनी दिसते. तिथली माणसे क्रूर नाहीत. मात्र कामाची वाटणीच अशी, की आपल्या हातून काय घडते आहे हे कुणालाच पुरते दिसत नाही.

‘जगाच्या प्रतिमा आणि युद्धाची नोंद’ (१९८८) ही त्यांची सर्वांत समृद्ध कृती. ४ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकी विमानाने आयजी फार्बेनच्या कारखान्याची छायाचित्रे घेतली. त्यांत आउश्वित्झची छळछावणीही टिपली गेली. तज्ज्ञांना कारखाने शोधायला सांगितले होते, त्यांनी कारखानेच शोधले. छावणी ओळखली गेली ती १९७७ मध्ये, सीआयएच्या दोन कर्मचाऱ्यांकडून. कॅमेऱ्याने सारे पाहिले होते, पण पाहण्याच्या आदेशात माणसे नव्हती. मराठीत प्रबोधन आणि टेहळणी हे दोन वेगळे शब्द. जर्मनमध्ये दोन्हींसाठी ‘आउफक्लेरुंग’ हा एकच, आणि त्या एका शब्दावर फारोकी सबंध माहितीपट तोलतात.

‘डोळा/यंत्र’ (२०००–०३) या मालिकेत ते १९९१ च्या आखाती युद्धातल्या क्षेपणास्त्रांच्या टोकावरील कॅमेऱ्यांकडे वळतात. ही चित्रे कुणी पाहावीत म्हणून नाहीत, ती एखादे काम पार पाडण्यासाठी आहेत. त्यांना फारोकींनी ‘कार्यकारी प्रतिमा’ म्हटले. ड्रोन आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांच्या आजच्या चर्चेत ही संज्ञा रुळली आहे.

इथेच एक आक्षेप नोंदवायला हवा. १९६९ मध्ये दिग्दर्शकाच्या हातावर निदान एक डाग उमटला होता. उत्तरायुष्यातल्या कामात आपण बराच काळ यंत्र चालवणाऱ्याच्या खोलीतच बसून राहतो. क्षेपणास्त्र ज्याच्यावर पडते, त्याची साक्ष आता कुणी वाचत नाही. ज्या आंधळेपणाचे विश्लेषण चालले आहे, त्याचा थोडा अंश विश्लेषणातही उतरतो.

तरीही ‘गंभीर खेळ’ (२००९–१०) या आक्षेपाला अंशतः उत्तर देते. अमेरिकी सैनिकांना युद्धावर पाठवण्यापूर्वी संगणकीय चित्रांवर सराव दिला जातो. परतल्यावर, मनावर झालेल्या आघातांवरील उपचारांतही तशीच चित्रे वापरतात. फरक एवढाच, की सरावाच्या चित्रांत वस्तूंना सावल्या आहेत, उपचाराच्या स्वस्त चित्रांत नाहीत. फारोकी यावर आवाज चढवत नाहीत, दोन्ही चित्रे शेजारी ठेवतात. युद्धावर जाणाऱ्याची किंमत किती आणि परतलेल्याची किती, याचा हिशेब त्या नसलेल्या सावलीत मिळतो. बॉम्बखालच्या माणसाचा हिशेब मात्र तिथेही बाकीच राहतो.