श्लेष, लिपी आणि उच्चारभेद

श्लेषाचे विवेचन करताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या नवव्या उल्लासात, काव्यमार्गात स्वरभेद गणला जात नाही, हा न्याय स्वीकारला आहे. तो उदात्तादी स्वरांपुरता आहे. मराठी उच्चारभेदांना तो सरसकट लावल्यास समीक्षेची दिशाभूल होते. ‘जरा’ हा शब्द पाहावा. ‘थोडे’ या अर्थी त्यातील ‘ज’ दंततालव्य, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य आहे. देवनागरीत दोहोंचे अक्षर एकच. त्यामुळे कागदावर साधलेला श्लेष प्रकट वाचनात तुटतो. वाचणाऱ्यास एकच उच्चार निवडावा लागतो. याउलट ‘मण’ व ‘मन’ लिपीत भिन्न आहेत. परंतु ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या वऱ्हाडी भाषकाच्या कानाला तेथे श्लेष सहज जाणवतो. प्रमाण उच्चाराच्या वाचकाच्या तो वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. अध्यापनात मात्र पहिल्यास अलंकार आणि दुसऱ्यास अशुद्ध उच्चार म्हटले जाते. हा निकष एकांगी आहे. श्लेष डोळ्यांसाठी आहे की कानांसाठी, आणि कोणत्या बोलीच्या कानांसाठी, हे निश्चित केल्याखेरीज विद्यार्थ्याच्या रसिकतेविषयी निर्णय देणे न्याय्य ठरत नाही.