‘भाऊबंदकी’ची चौकट आणि साष्टीचा प्रश्न

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकाने पेशव्यांच्या वारसाकलहाचे चित्र मराठी मनावर कायमचे कोरले. नारायणरावांचा खून (३० ऑगस्ट १७७३), राघोबादादांची सत्तालालसा, आनंदीबाई आणि रामशास्त्र्यांचा निर्भय निवाडा यांतून घरचा कलह राष्ट्रीय अरिष्टाच्या उंचीवर जातो. १९०७ मधील सुरतेची फूट आणि १९०८ मधील टिळकांची शिक्षा ताजी असलेल्या प्रेक्षकाला हा कलह दूरचा वाटणे शक्य नव्हते. नाट्यरचना म्हणून ती समर्थच आहे. मात्र नाटकाचे शीर्षक इतिहासाचे स्पष्टीकरण म्हणून वापरले जाऊ लागते, तेव्हा अडचण निर्माण होते.

या कलहातून उद्भवलेल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा काळ पाठ्यपुस्तकांत १७७५ ते १७८२ असा दिला जातो. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहाने राघोबांनी साष्टी व वसई देऊ केली आणि इंग्रज युद्धात उतरले, असा हा क्रम. वस्तुतः इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच हल्ला करून घेतला होता. त्या मोहिमेत कमोडोर वॉटसन प्राणास मुकला. त्याआधीच्या वाटाघाटींत साष्टी-वसई देण्यास राघोबा राजी नव्हते, ही बाब ‘घरभेद्या’च्या रूढ प्रतिमेत बसत नाही. साष्टीवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा नारायणरावांच्या खुनाआधीपासूनच होता आणि १७७२ मध्ये मॉस्टिनला पुण्यास पाठविण्यामागे हाही हेतू होता. पोर्तुगीज बेट परत घेतील ही भीती निमित्तास पुरली. राघोबांचा तह झाला तो या कब्जानंतर. कलहाने संधी दिली हे खरे, पण भूक आधीची होती.

युरोपातील समकालीन उदाहरण येथे बोलके ठरते. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धात (१७४०–४८) दुसऱ्या फ्रेडरिकने सायलेशियात सैन्य घातले ते डिसेंबर १७४० मध्ये; मॉलविट्झची लढाई एप्रिल १७४१ ची. १७४५ मध्ये फोंतन्वा येथे फ्रेंचांनी मोठा विजय मिळविला. तरी १७४८ च्या तहात त्यांनी नेदरलँड्समधील जिंकलेला मुलूख सोडला आणि सायलेशिया मात्र प्रशियाकडेच राहिला. गादीचा हक्क कोणाचा, या वादापेक्षा आधी बळकावलेला प्रांत अधिक टिकाऊ ठरला.

मराठी परंपरेचे फोंतन्वा म्हणजे वडगाव. १८ मे १७७५ रोजी गुजरातेत आडास येथे हरिपंत फडके व कर्नल कीटिंग यांच्यात झालेली लढाई फारशी कोणाच्या स्मरणात नाही. जानेवारी १७७९ मधील वडगावची शरणागती मात्र अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यही आहे. त्या करारान्वये १७७३ नंतर घेतलेला मुलूख इंग्रजांनी परत करावयाचा होता. वरिष्ठांनी करारच नाकारला. त्यापूर्वी १७७६ च्या पुरंदर तहातही साष्टी सुटली नव्हती. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांचा हक्क संपला, सवाई माधवरावांची गादी निर्वेध झाली आणि वसई परत मिळाली. वारसायुद्ध पुणे दरबार जिंकला होता.

साष्टी परत आली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सर्व गावे त्या बेटातील. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते पोर्तुगीजांकडून घेतले गेले आणि जेमतेम सदतीस वर्षे मराठ्यांकडे राहिले. शनिवारवाड्याच्या अंतःपुरात केंद्र असलेल्या कथनास हे बेट दिसणे कठीणच. अपराधी कोण, हा खाडिलकरांचा प्रश्न. रामशास्त्री त्याचे उत्तर देतात आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. मुलूख कोणाकडे गेला, हा प्रश्न न्यायाच्या या चौकटीत उपस्थितच होत नाही. उपनगरांच्या स्थानिक इतिहासलेखनातही मराठा अंमल पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यामधील एखाद-दुसऱ्या परिच्छेदात आटोपतो. या सदतीस वर्षांतील वसूल, वतने आणि गावगाडा यांचा विचार सालबाईच्या अंगाने करावयाचा तर आरंभ १७७५ पासून नव्हे, ठाण्याच्या तटापासून करावा लागेल.