प्याला आणि शोधतिथी

एखाद्या शोधाची तिथी आली की तिच्या जोडीला अमुक एक बिअर सुचवायची, असे हलकेफुलके लेखन इंग्रजीत होत असते. त्याला नाके मुरडावीत असे आम्हांस वाटत नाही. जोडी जुळविणे हा उपमेचाच व्यापार होय. तेव्हा अकराव्या शतकात क्षेमेंद्राने काव्याला लावलेली औचित्याची कसोटी येथेही लागू पडावी.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईत 29 एप्रिल 1867 रोजी झाला. छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी आयुष्य वेचले, लंडन आणि न्यूयॉर्क गाठले. उद्या कोणी त्या तिथीस लंडनची बिअर सुचविली, तर पत्ता जुळेल, अर्थ जुळणार नाही. खिळ्यांचा आणि त्या पेल्याचा संबंध काय?

याउलट कार्ल फॉन लिंडे घ्या. बव्हेरियात 1553 च्या राजाज्ञेने उन्हाळ्यात बिअर करण्यास बंदी होती, कारण उष्म्यात ती नासे. थंडाव्यात मुरणाऱ्या लागरसाठी पुढेही तळघरांत तळ्यांवरचा बर्फ साठवावा लागे. ही अडचण होती म्हणूनच 1870 च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याचे मालक झेड्लमायर यांनी लिंडेच्या शीतयंत्राला जागा दिली. प्रथम मिथिल ईथर, पुढे अमोनिया वापरून यंत्र स्थिरावले. येथे बिअर ही शोधाची शोभा नव्हे, गरज आहे. अशी जोडी आम्ही बिनतक्रार मान्य करतो.

तरीही मराठीत हा प्रकार जसाच्या तसा उतरेल काय? आम्हांस शंका आहे, आणि ती नीतीची नव्हे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जानेवारीत ते सावनेरला वारले होते. सावनेर व जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. त्या नाटकानंतर मराठीत ‘प्याला’ शब्द उच्चारताच सुधाकर आणि सिंधू येऊन उभी राहतात. हे ओझे न ओळखता लिहिणाऱ्याचा विनोद फसतो. ओळखून लिहील त्याला मात्र इंग्रजीत नसलेली एक खोली फुकट मिळते.

लिंडेची जन्मतिथी 11 जून. त्या दिवसांत जबलपुरात पाऊस अजून यायचा असतो. आमच्या हाती तेव्हा कैरीचे पन्हे असेल. गार केलेले, अर्थात, त्याच यंत्राच्या वंशजाने.