लग्नगडी आणि तीन पुस्तके

दिवाळी अंकात समाजशास्त्राच्या पुस्तकांची चर्चा करणे म्हणजे चिवड्यात खडा टाकणे, असे आमच्या घरचे मत आहे. ते मला मान्य आहे. तरीही यंदा हा खडा वाचकांच्या ताटात टाकतो आहे, आणि त्याला कारण एक शब्द झाला आहे.

माझे आजोळ डहाणूचे. पुढे चिकूची वाडी, मागे गवताचे रान. सुट्टीत गेलो की ओटीच्या कडेला एक म्हातारा वारली बसलेला दिसे. "हा आपला लग्नगडी हो," असे आजी कौतुकाने सांगे. शब्द कानाला गोड वाटे. लग्नकार्यात राबणारा हौशी गडी असावा, अशी माझी बालबुद्धी. त्या शब्दाचा खरा अर्थ कळायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि तोही घरात नव्हे, पुस्तकात कळला. लग्नासाठी वारल्याने जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. कर्ज मात्र जन्मभर फिटायचे नाही! माझ्या लहानपणी ही पद्धत मोडून काही वर्षे लोटली होती. घरात नाव तेवढे उरले होते.

पहिले पुस्तक म्हणजे खरे तर सरकारी अहवाल. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून तो लिहिला. प्रसिद्ध झाला १९३९ साली. साहेबाची लेखणी स्वच्छ आहे. सावकार, जमीनदार, जंगलखाते यांची भीड तो फारशी ठेवत नाही, आणि लग्नगड्याला गुलाम म्हणायला कचरत नाही. परंतु हा सारा मजकूर सरकारने सरकारला सांगितलेला आहे. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्या कानी तो जाण्याची सोयच नव्हती. म्हणून १९४५ उजाडले तरी वेठ होती तशीच होती. सत्य छापले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या आम्हा वाचकमंडळींना हा चांगला धडा आहे.

दुसरे पुस्तक गोदावरी परुळेकरांचे, 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कायद्याची पदवी घेतलेली ही बाई पती शामराव यांच्यासह किसान सभेच्या कामासाठी तलासरी-डहाणूच्या पाड्यांतून हिंडली. मे १९४५ मध्ये झरी येथे परिषद भरली आणि वेठ करायची नाही, असे वारल्यांनी ठरवले. गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरीची मागणी झाली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच माणसे मेली. जेठ्या गांगड हा त्यांतला एक. बाईंच्या लेखनात अलंकार जवळजवळ नाहीत. वर्णनापेक्षा प्रसंगावर त्यांचा भरवसा आहे आणि तो सार्थ ठरतो. अहवालातल्या लग्नगड्याला चेहरा नाही. इथल्या लग्नगड्याला बायको आहे, भूक आहे, भीती आहे.

तथापि पुस्तकाच्या नावाशी माझे थोडे भांडण आहे. माणूस जागा होतो म्हणजे आधी तो झोपला होता का? पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्याला झोप कुठली! तो भ्यालेला होता, एकटा होता. निजलेले होतो ते आपण, ओटीवरचे लोक. हे नाव वाडीवाल्यांच्या नातवांना लावून वाचले तर अधिक खरे ठरेल, असे मला वाटते.

तिसरे पुस्तक नवे आहे. अर्चना प्रसाद यांनी २०१७ साली इंग्रजीत 'रेड फ्लॅग ऑफ द वारलीज' हा ग्रंथ लिहिला. गोदावरीबाईंची कथा जिथे थांबते तिथे न थांबता त्या पुढच्या दशकांत येतात. जमीन, जंगल, मजुरी यांचे प्रश्न वेठ संपल्यावर संपले नाहीत, त्यांनी फक्त रूप पालटले, हे त्यातून ध्यानी येते. लेखिकेची सहानुभूती लाल बावट्याकडे आहे. ती लपवलेली नाही, तेव्हा वाचकाने ती वजा करून वाचावे. माझी तक्रार निराळी आहे. वेठ, खावटी, पाडा हे शब्द इंग्रजीत गेले की त्यांचा अर्थ पोचतो, पण घाम वाटेत राहतो. आणि तलासरीच्या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलीने आपल्या पणजोबांचा हा इतिहास वाचायचा कसा?

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या कायद्याने वनजमिनीवरचा हक्क मानला. २०२४ साली वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. त्यावरही आता जाडजूड ग्रंथ होतील. निर्णयात ज्यांचा वाटा असावा, त्यांच्या हाती ते ग्रंथ पडणार नसतील, तर आपण सिमिंग्टनसाहेबाच्या पुढे फारसे गेलो नाही, असेच म्हणावे लागेल. तिसऱ्या पुस्तकाचे मराठी व्हावे, आणि चौथे एखाद्या वारली मुलीने स्वतः लिहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

गेल्या वर्षी वाघबारशीच्या सुमारास आजोळी गेलो होतो. नव्वदी गाठलेल्या मामींना गोदावरीबाईंच्या पुस्तकातली लग्नगड्याची हकीकत वाचून दाखवली. ऐकून त्या म्हणाल्या, "अरे, उपाशी नाही हो ठेवला आपण त्याला कधी." मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "त्याच्या बायकोचं नाव काय होतं रे?" घरात कुणालाच ते ठाऊक नव्हते. निघताना पुस्तक मागितले, तर मामी म्हणाल्या, "राहू दे इथेच, माझं वाचायचं व्हायचंय."